ओढल्या जाणाऱ्याचे दिवे

मकास्सरच्या सामुद्रधुनीत रात्री
आमच्या डोलकाठीवर एकाखाली एक तीन पांढरे दिवे.
ज्याला वाचता येतं त्याला कळतं:
मागे काहीतरी ओढलं जातंय
आणि त्याचं शेपूट दोनशे मीटरांच्या पल्याड आहे.
दोनच असते, तर जवळ.
काय आहे, कोण आहे, ते दिवे सांगत नाहीत.

कोळसा आहे. समारिंदाचा, आठ हजार टन.
आणि त्या ढिगाच्या पायथ्याशी, पत्र्याच्या खोपीत
ला तिन्रो नावाचा बुगिस म्हातारा,
एक स्टोव्ह, सुक्या मासळीची माळ,
बॅटऱ्यांचं खोकं.

बार्जचे दिवे त्याच्याकडे.
डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा, पाठीशी पांढरा.
कपाळावर काही नाही.
उंचावरचा पांढरा, ज्याचं इंजिन चालतं त्याचा.
ओढल्या जाणाऱ्यानं फक्त आपल्या कडा दाखवायच्या.
परीक्षेसाठी मी हे घोकलं होतं.
त्याला सांगितलं तेव्हा तो खो-खो हसला,
"म्हणजे माझा संसारच की!
बेच्चे पुढे, मी दोरामागे."

आमच्या पाठीवरचा पिवळा
आणि त्याचे लाल-हिरवे, यांच्यामध्ये
तीनशे मीटर काळोख.
त्यात पोलादी दोर, घटकेत पाण्यावर,
घटकेत पाण्याखाली.
दोराला नियमात दिवा नाही.

ऑगस्टची रात्र. वारा आग्नेयेचा, चिडका.
माकुळ पकडणारी एक होडी
आम्ही जाईतो थांबली, शहाण्यासारखी,
आणि आमची पाठ दिसताच
वळली त्या काळोखात, मोकळं पाणी समजून.
तेव्हा मला दिसलं, म्हणजे दिसलं नाही:
मागे ना लाल, ना हिरवा.

कप्तान रुमेंगाननं भोंगा दाबून धरला.
टगला ब्रेक नसतो.
आम्ही थांबलो तर कोळसा आमच्याच अंगावर येणार.
होडीतला माणूस भोंग्याकडे, आमच्याकडे बघत राहिला,
नको त्या दिशेला.

नियमाच्या तळाशी एक ओळ आहे,
पाठ करताना आम्ही सगळे गाळायचो:
ठरलेले दिवे लावता येत नसतील
तर जमेल ते करून निदान एवढं कळवा
की इथे काहीतरी आहे.

ला तिन्रोनं ती कधी वाचलेली नव्हती.
त्यानं विजेरी आधी कोळशावर मारली.
कोळसा उजेड खातो, ढेकरही देत नाही.
मग त्यानं ती उलटी धरली, स्वतःवर.

दुर्बिणीतून मी पाहिलं,
समुद्राच्या मधोमध, अधांतरी,
एक पांढरं बनियन, एक हनुवटी,
उघडं तोंड, काहीतरी ओरडणारं.
होडीचा कंदील थबकला, हेलपाटला,
दोराच्या दोन हात अलीकडून
दक्षिणेला फिरला. शिव्या ऐकू आल्या.
बुगिसमधल्या. मला त्या गोड लागल्या.

उजाडल्यावर मी छोट्या नावेतून
नव्या बॅटऱ्या आणि भात घेऊन गेलो.
त्याचा घसा बसला होता, भुवयांत कोळशाची पूड.
"काय दिसलो मी," त्यानं विचारलं, "लाल की हिरवा?"
पांढरा, मी म्हणालो. उंचावर.
"मग चुकलंच," तो म्हणाला,
आणि दिव्याची पेटी उघडून
आत साचलेलं खारं पाणी
सावकाश ओतलं बाहेर.