उलटा बाण

मे महिन्यात दुपारी तीनला
आमचा मनोरा काही घेत नाही.
धुराड्याकडून वायू तळाशी येतो,
वरून अमाइन उतरतं
स्टीलच्या कड्याकड्यांवरून, पातळ, चिकट.
गाठ पडते. नुसतीच पडते.
तापीचं पाणी कूलरमध्ये शिरतं तेच
अंघोळीइतकं कोमट,
द्रावण गार होणार कुठून?
भुसावळात सावलीतच सत्तेचाळीस.
हाती धरलेलं हातात ठरत नाही.

साहेबू तडवी पंपाला कान लावून सांगतो,
“रातीले घेते, दुपारी ओकते.
याले बी झोप पाह्यजे, मॅडम.”

एकदा टाकीच्या पत्र्यावर
खडूने त्याला दोन बाण काढून दाखवले होते,
एक उजवीकडे, एक डावीकडे,
दोघांनाही अर्धंच टोक.
म्हणाला, “मंग थांबते कोन?”
कोणीच नाही.
दोन्ही चालूच असतात, तेवढ्याच वेगानं,
बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, थांबलंय.
तो बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिला,
मग तंबाखू मळायला लागला.

पहाटे साडेतीन.
राखेच्या तळ्यावरून जरा वारा.
मी नमुन्यात आम्लाचे थेंब सोडते,
फस्सकन बुडबुडे, नळीतलं पाणी खाली सरकतं
आणि आकडा दुपारच्या दीडपट.
वहीत लिहिते: लोडिंग चांगलं. सही: प्र. नेहेते.
आता हेच भरलेलं द्रावण
दुसऱ्या मनोऱ्यात जाईल, एकशे पंधरा अंशांवर,
तिथे वाफ त्याच्याकडून सगळं परत मागेल
आणि ते देईल.
रोज. वर्षाचे तीनशे दिवस.

सगळं मात्र नाही.
ड्रममधून आलं तेव्हा पाण्यासारखं नितळ होतं,
आता बिनदुधाच्या चहाचा रंग,
तळाशी गाळ, झाकण उघडलं की अमोनियाचा झणका.
त्या बाणाला उलटं टोक नाही,
खडूने काढायचा मी विसरले होते.
साहेबूने न विचारताच
गाळणीचा कपडा बदलला, जुना उन्हात टाकला,
वाळल्यावर तो पापडासारखा मोडला.

सातला शिफ्ट सुटली.
यावल रस्त्यावर गोटीसोड्याची गाडी उघडत होती,
साहेबूने दोन घेतले, पैसे मला देऊ दिले नाहीत.
खट्. गोटी आत.
फेस वर चढायच्या आत त्याने
बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला, घट्ट,
नख पांढरं होईपर्यंत.
“थांबला का नाई, सांगा.”
मी बाटली उजेडात धरून पाहिली.
बुडबुडे थांबले होते.
म्हणजे, थांबले नव्हते.
मी काही बोलणार
तेवढ्यात चोपड्याची एसटी आली
आणि त्याने हात काढला.