एकच पर्याय निवडा

टॅबलेट सरकारी, चपला माझ्या.
प्रशिक्षणात सांगितलं होतं :
हसून बोला, पाणी दिलं तर प्या,
उत्तर सुचवू नका.
किलिफी काउंटीच्या उत्तरेला, मिठागरांच्या पलीकडे
एकशे नऊ उंबरे माझ्या वाट्याला आले.
त्यातल्या निम्म्यांना उंबराच नाही.

छप्पर कशाचं?
पत्रा, कौल, काँक्रीट, माकुटी, इतर.
जुम्वा हसते, वर बोट दाखवते :
डावीकडे पत्रा, उजवीकडे नारळाची चुडतं.
गेल्या निवडणुकीत एकाने सहा पत्रे दिले,
उरलेले सहा निवडून आल्यावर देणार होता.
निवडून आला.
पाऊस कुठून गळतो, विचारलं मी, फॉर्मात नसताना.
"मधून. जिथे दोन्ही भेटतात तिथून."
मी 'पत्रा' दाबलं.
टॅबलेट पुढच्या प्रश्नावर गेला, ती तिथेच
वर बघत उभी.

पाणी कुठून?
विहीर आहे, पण समुद्र तिच्यात येऊन बसलाय
घरजावयासारखा, जायचं नाव काढत नाही.
आता गाढवावरून पिवळे कॅन येतात,
भाव गाढववाल्याच्या मर्जीवर.
पर्यायांत 'विहीर' आहे, 'विक्रेता' आहे,
'होती' नाही.

घर मालकीचं की भाड्याचं?
इथे सगळेच खाकरतात.
जमिनीचा कागद मोम्बासात कुणाच्या तरी कपाटात,
त्या कुणाला कुणी पाहिलेलं नाही.
त्याचा वकील तेवढा दोन वर्षांनी येतो,
खुणेचे दगड मोजतो, शहाळं पितो,
शहाळ्याचे पैसे देतो. माणूस वाईट नाही.

मग डांबर लागलं, बोगनवेल, काचा रोवलेली भिंत.
अकरा खोल्या. न्हाणीघरं सात.
मालक इटलीत, डिसेंबरात येतो, येईलच असं नाही.
काहिंदी फाटकाशेजारच्या टपरीत झोपतो
पाय दुमडून, टपरी त्याच्याहून आखूड आहे.
आत कोण झोपतं?
"एसी," तो म्हणाला,
"बुरशी येऊ नये म्हणून चालू ठेवायला सांगितलाय."
कुटुंबातील व्यक्ती : एक.

पुढे नैरोबीत कुणी बेरीज करेल, मग भागाकार.
जुम्वाच्या खोलीतल्या नऊ जणांना
कागदावर हातपाय पसरता येतील.
सरासरी मोठी दयाळू, सगळ्यांना पंगतीत बसवते,
फक्त वाढत नाही.

शेवटचं घर म्हाताऱ्या थोयाचं.
ऊन कलत होतं, बॅटरी नऊ टक्के.
मोजणीच्या रात्री इथे कोण कोण झोपलं होतं?
त्याने सुनेचं नाव सांगितलं, दोन नातवांची,
मासेमारीला गेलेल्या मुलाचं
("रात्री तो पाण्यावर होता, पाणी कुणाच्या हद्दीत?"),
मग काठी टेकत मला घरामागे नेलं.
तिथे पूर्वजांचे खांब उभे होते, लाकडी,
खांद्यापर्यंत उंच, छातीवर त्रिकोण कोरलेले.
तीन.
"चार होते," तो म्हणाला,
"हा माझा चुलता. एका रात्री कुणी करवतीने नेला.
परदेशात अशांना भिंतीवर टांगतात म्हणे,
वर दिवा लावतात."
जमिनीलगत बुंधा उरला होता, वाळवी लागलेला.
"ह्याला गैरहजर लिही.
गेलेला नाही. गैरहजर."

मी त्याला समजावणार होतो
की मोजणी जिवंतांची असते.
घसा सुकला होता.
सुनेने तांब्याभर पाणी दिलं, कॅनमधलं, विकतचं.
मी सगळं प्यायलो, आणि लाज वाटली सगळं प्यायल्याची.

टॅबलेटने विचारलं : नोंद पूर्ण झाली?
होय. नाही.
थोया चष्म्याशिवाय त्या उजेडाकडे बघत होता,
आणि मी बोट उचलून
बॅटरी संपायची वाट पाहत राहिलो.