पाठीकडून

गुरुवेच्या रस्त्याला लागून, मुसासाच्या विरळ सावलीत
आम्ही सात जण दगड घडवतो.
गारीकाई सहाला येतो, खडूने रेघा ओढतो,
दुपारपर्यंत त्याच्या दगडाला नाक फुटलेलं असतं.
तोवर मी नुसतं पाणी भरलेलं असतं.
दोन बादल्या. मग खाली पडलेले टवके झाडते.
मग हातोड्याचा दांडा घट्ट बसवते,
जो कालही घट्टच होता.

सेकुरू कझुंगुरा सांगायचे,
आकृती दगडात आधीपासून असते,
आपण फक्त वरचं काढायचं.
मी कान लावला. ओला करून पाहिला.
उन्हात गोल फिरवला, पालथा घातला.
मला आत दगड दिसला.

हे मी कुणाला सांगितलं नाही.
नऊ वर्षं गारीकाईचा खडू उसना घेतला,
नऊ वर्षं जिराफ केले,
उंच माना, विमानात मावतील इतक्याच.
विकले गेले सगळे.
एकाचाही चेहरा आठवत नाही.

मग एका कोरड्या हंगामात, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा,
चोरावर ठेवावी तशी स्वतःवर पाळत ठेवली.
सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर कोळशाने लिहीत गेले:

सोमवार. झाडलं. दगडावर बसून शेंगा सोलल्या.
मंगळवार. ठोकून पाहिला. खणखणीत आहे, बद्द नाही. शेंगा.
बुधवार. बहिणीशी भांडले, फोनवर, मक्याच्या पिठावरून.
रागाने मागून एक टवका उडवला.
गुरुवार. तो टवका चुकलाय.
शुक्रवार. चुकलाय, पण चुकीच्या शेजारी काहीतरी वाकलंय.
शनिवार. जेवायचं राहिलं.

पिशव्या साठल्या. पाच, सहा.
एका रात्री दिव्याजवळ सगळ्या पसरून बसले
आणि हसूच आलं.
दर वेळी आधी शेंगा.
दर वेळी पाठ आधी, तोंड सगळ्यात शेवटी,
आणि दर वेळी एक चूक, जिच्यावाचून
हाताला कुठे जायचं ते कळतच नाही.
इतकी वर्षं ज्याला आळस म्हणत होते
तो आळस वेळेवर कामाला येत होता.

रुवाराशे म्हणाली, आईने पाठीला बांधून वाढवलं ना तुला,
जगात तू पहिली पाहिलीस ती पाठच.
असेल.
मी दगडाला विचारलं नाही.

त्या वर्षीची बाई अजून माझ्याकडे आहे.
वाकून काहीतरी उचलतेय, काय ते मलाही माहीत नाही.
गिऱ्हाईक समोरून बघतात, भाव विचारतात, जातात.
शेवटचा जाळ केला त्या दिवशी
दगड तापून करडा झाला होता,
हात लागेना.
मेण लावलं तसा काळा रंग वर आला,
आधी कण्यावर,
त्या बुधवारच्या टवक्याच्या कडेने,
मग खांद्यांवरून पुढे गेला.
चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला सगळ्यात उशीर लागला.
मी थांबले. मला त्याची घाई कळत नव्हती,
उशीर कळत होता.

सगळंच जमतं असं नाही.
गेल्या थंडीत एक दगड जाळातच तडकला,
आवाज बंदुकीसारखा,
चार महिन्यांचं काम दोन तुकड्यांत.
त्या दिवशी गारीकाईचा खडू पुन्हा मागावासा वाटला.
मागितला. त्याने दिला.
रात्री परत करून आले.

आज बैलगाडीतून नवा दगड आलाय,
वासराएवढा, एका बाजूला गंजाचा लाल पट्टा.
चौघांनी मिळून उतरवला.
गारीकाई घाम पुसत विचारतो, याचं काय करणार?
मी त्यावर बसलेय, ओच्यात शेंगा,
सालं वाऱ्याने त्याच्या पायांशी जातायत.
"सोलतेय," मी म्हणते.
तो थोडा वेळ बघतो.
"म्हणजे सुरू केलंस."
आणि मूठभर दाणे घेऊन
आपल्या रेघांकडे जातो.