अर्धी भरती

आमच्या चोडणात मानस म्हणजे
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला आपसूक उघडतं, भरतीला मिटतं.
मी तिथला मानशेकार.
म्हणून बांबोळीला पाटी वाचली, मानसोपचार,
तेव्हा क्षणभर वाटलं
बरोबर जागी आलो.

रात्री जागणं हेच ज्याचं काम
त्याला झोप येत नाही, हे कळायला
अकरा महिने गेले.
कंदील, जाळं, कोळंबी. कोण विचारणार?
सुकांतीनं ओळखलं.
भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ नसताना
मी जाळं न घेताच बांधावर बसलो होतो.
"बाबा, मासळी नाही, मग राखण कुणाची?"
शब्द होते तोंडात,
पावसाळ्यातल्या मिठासारखे, चिकटलेले.

दातांच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची.
डोक्याला कापडी टोपी, तीवर पेनाच्या फुल्या.
पिकला का बघायला फणस ठोकावा
तसे डॉक्टर नागवेंकर चकती सरकवत राहिले
आणि एकाएकी माझा उजवा अंगठा उडाला.
मी उडवला नव्हता!
चाळीस वर्षं दोर ओढलेला माझा अंगठा
परक्याच्या सांगण्यावरून सलाम ठोकतो?
हसू आलं.
सिस्टर एस्पेरान्सा म्हणाली,
"पहिल्यांदा हसलात. वहीत लिहू?"

मग टकटकटकटक, चार सेकंद,
सुतारपक्षी कवटीला चिकटलेला.
मग सव्वीस सेकंद काहीच नाही.
ते काहीच नाही मला जड जायचं.

फेरीबोट, रायबंदर, बस, खुर्ची.
बस, रायबंदर, फेरीबोट.
टाळूला मुंग्या, कपाळ ठणकतं.
बाकावर वाळपईच्या एक बाई असतात,
त्यांचे अठरा दिवस झाले,
अजून पहाटे तीनला भांडी घासतात.
आम्ही दोघं एकमेकांना जांभई दाखवतो,
खोटी.

चौदाव्या रात्री भरती कधी आली
मला कळलं नाही.
दार मिटलं असणार, त्याला मी लागतोच कुठे?
जाळं कोरडं राहिलं.
पोदेराचा भोंगा ऐकला, तोही अर्धाच.
सुकांती दारात उभी होती, हातात कप,
उठवलं नाही तिनं,
चहा गार होऊ दिला.

आज डॉक्टरांनी विचारलं, झोप किती तास?
म्हटलं, अर्धी भरती.
त्यांनी तीन लिहिले.
पेन तसंच धरून जरा थांबले, मग म्हणाले,
उधाणाची, की भांगाची?