बावीस

ताराबाई पार्कातल्या बंगल्याच्या हिरवळीवर
शामियान्यात उभी केली होती तिला,
चारी चाकांखाली सतरंजी, पाटावरच्या नवरीसारखी.
एकोणीसशे अठ्ठेचाळीसची एमजी, दोन माणसांपुरती,
गडद हिरवी, लांब नाकाची,
पाठीला सुटं चाक बांधून
शाळेला निघालेली.

मुंबईचा हातोडेवाला कागदावरून वाचत होता:
एकच घराणं, एकच गॅरेज, सगळे भाग मूळचे.

मूळचे!

मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत मला ठसका लागला.
मी उद्यमनगरचा टर्नर, त्रेचाळीस वर्षं लेथवर,
रसूल मुजावर मिस्त्रींच्या हाताखालचा.

चौऱ्याहत्तर साली पाण्याचा पंप फुटला.
विलायतेहून आणायचा तर परवाना, परवान्याला दिल्ली.
मिस्त्री म्हणाले, "दिल्ली लांब हाय. माती चाळ."
उसाच्या चरकाचं मोडकं दातेरी चाक वितळवून ओतला,
दोन वाया गेले, तिसरा बसला.
त्याच्या आतल्या अंगाला, जिथं पाणी सोडून कुणी जात नाही,
मिस्त्रींनी छिन्नीनं एक 'र' काढला.

मागची चौकट वाळवीनं नेली.
केरबा सुतारानं बाभूळ घातली, बैलगाडीच्या आऱ्यांसाठी राखलेली.
म्हणून वळणावर कुरकुरते ती, आपल्या बोलीत.
सीटचं कातडं सुभाषनगरचं.
वर्षभर कोऱ्या चपलांचा वास येत होता,
वहिनीसाहेब नाकाला पदर लावून फिरायला जायच्या.
आणि तिचे बोल्ट! डोकं इंग्रजी मापाचं, आटे फ्रेंच मिलिमीटरचे.
मिस्त्री हसायचे,
"डोस्कं एका गावचं, पीळ दुसऱ्याचा.
ही आपल्यातलीच हाय."

शाहूपुरीत सौद्याला रव्यावर सुरी मारतात,
आतला रंग बघतात, खडा जिभेवर ठेवतात,
मग बोलतात भाव.
इथं बॉनेटसुद्धा कुणी उघडलं नाही.
तिला टेकून फोटो काढत होते.

अठरा लाख.
एकोणीस, जयसिंगपूरचे तंबाखूवाले.
साडेवीस, फोनवर कोइमतूर.
एकवीस.

तेव्हा मी हात वर केला.
बोलायला. एवढंच सांगायला, की पंप आमचा आहे.
गुरुजींनी विचारल्यावर करतात तसा, कोपरात थोडा वाकलेला.

"बावीस! मागचे टोपीवाले काका, बावीस लाख!"

सगळा शामियाना मागे वळला.
सरकारांचा नातू, आठवडाभर माझ्याकडून ती पुसून घेतलेला,
पांढराफटक.
माझ्या खिशात एकशे चाळीस रुपये आणि तिचाच एक पाना.

"बावीस एक..."

पंप घशातच राहिला.
मी बघत होतो, लावायची कुठं?
आमच्या गल्लीच्या तोंडाला ती वळणार नाही.
वळलीच तर पाटलांच्या पाण्याच्या टाकीला डावा मडगार्ड घासणार.
कट्टा फोडावा लागेल.
रात्री कुत्री बसतील सीटवर, ताडपत्री पाहिजे.

"बावीस दोन..."

ताडपत्री गुजरीतल्या मेव्हण्याकडं आहे एक.

मग कोइमतूर तेवीस म्हणालं.
माझा हात अजून वरच.
शेजारच्या पोरानं मनगट धरून खाली घेतला,
"काका, झालं."

एकतीसला हातोडा पडला.
टाळ्या. बर्फी.
ट्रकवर चढवताना तिचं नाक आभाळाकडं झालं
आणि पंपाखालून एक थेंब सुटला,
पहिल्यापासून सुटतो.
बोटानं टिपला. शर्टाला पुसला.

घरी बायकोनं विचारलं, "कितीला गेली?"
"एकतीसला."
"बापरे. कोण एवढं बोलतंय लोखंडावर?"
भाकरी मोडत म्हणालो, "असत्यात येडी माणसं."
बावीसचं नाही सांगितलं.

जेवण झाल्यावर टेप घेऊन गल्लीच्या तोंडाला गेलो,
टाकीपासून भिंतीपर्यंत दोनदा मोजलं.

चार इंच कमी पडत होते.