दुसरी चावी

मुंजाजी, गाडी चांगली घेतलीस.
पांढरी आहे. पांढरं म्हणजे काय
ते वसमत रोडची धूळ सांगेल तुला दोन दिवसांत.
पेढा आण, खातो.
पण उद्या आरटीओत नाव बदलायला टाक,
आणि पॉलिसीवरचंही. चौदा दिवस असतात.
तू ठोकलीस आणि कागदावर जिंतूरचा जुना मालक निघाला,
तर मी रिपोर्टात कुणाचं बंपर लिहू?

सत्तावीस वर्षं झाली, मोडलेलं बघत हिंडायलोय.
लोक मला चहा देतात
आणि माझ्या पेनकडं बघत राहतात.

पुराचं पाणी गाडीत शिरलं तर चावी फिरवू नको.
फिरवावीशी वाटेल. सगळ्यांना वाटते.
गंगाखेडचे डॉक्टर, माणसाचं काळीज उघडून शिवणारे,
त्यांनीसुद्धा फिरवली,
इंजिननं पाणी प्यालं आणि आतून वाकलं.
ढकलत आण, टो करून आण, बैल लाव,
पण चालू करू नको.
आणि इंजिनाचं वेगळं कलम घेतलंस का, ते आजच बघ,
पाऊस आल्यावर कुणी विकत नसतं.

आता चावीवरून सांगतो.
गफूरभाईंची पिकअप उरुसाच्या गर्दीतून गेली.
कंपनी म्हणाली, दोन्ही चाव्या द्या.
एक दिली.
दुसरी नातवानं विहिरीत टाकली होती,
बुडते का तरंगते बघायला.
गफूरभाईंनी विहीर उपसली, माझ्यासमोर,
दोन मोटारी लावून, दीड दिवस.
तीन कळश्या निघाल्या, एक विळा,
कुणाचं तरी चांदीचं जोडवं.
चावी नाही.
मी त्या चिखलाचाही फोटो जोडला रिपोर्टाला.
सोळा महिने गेले.
चावी हरवली त्याच दिवशी ठाण्यात नोंद केली असती,
कंपनीला एक ओळ कळवली असती, तर!
पण नातवाची तक्रार ठाण्यात कोण देतं?

घराचं विचारलंस म्हणून.
विमा जागेचा नसतो, लेका. जागा कुठं जळते?
भिंती, छप्पर, फरशी आज नव्यानं उभं करायला
जेवढं लागेल तेवढाच आकडा टाक,
दलालानं सांगितलेला भाव नको.
सोन्याची यादी वेगळी. पावत्या वेगळ्या.
घरातल्या सगळ्या खोल्यांतून मोबाईल फिरव,
कपाटं उघडी ठेवून,
आणि तो व्हिडिओ पुण्याच्या बहिणीला पाठव.
ती हसेल. हसू दे.
कुलूप मात्र दांडग्या कोयंड्याचं घे,
चोरानं काहीतरी तोडलेलं दिसावं लागतं,
उघड्या दारातून गेलेल्या टीव्हीला
कलमात जागा नाही.
भूकंपाचं पान मी वाचून दाखवत नाही हल्ली.
लातूरकडचा माणूस आधी तेच उघडतो,
वसमतकडचाही आता, जमीन गुरगुरायला लागल्यापासून.

एवढं सगळं दुसऱ्यांना सांगून
परवा रात्री मी आमचीच फाईल काढली.
घराची पॉलिसी. तारीख बघितली.
संपून तीन वर्षं.
पंख्याखाली बसून राहिलो,
घामाचा थेंब त्या तारखेवर पडला.
सरस्वती आतून म्हणाली,
काय शोधायलात?
म्हणलं, काही नाही.
ती हात पुसत आली,
साखरेच्या डब्याखालून घडी घातलेला कागद काढला,
यंदाचा.
मेसेज तुमच्या मोबाईलवर यायचा, म्हणाली,
तुम्ही लोकांच्या घरी असायचात.
मी भरायले दरवर्षी.

वारसाच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव नव्हतं घातलं.
पोरीचं होतं.
मी विचारलं, का?
तिनं डबा जागेवर ठेवला.

तर मुंजाजी,
ही तुझी दुसरी चावी. टेबलावर विसरला होतास.
घरी गेल्यावर बायकोच्या हातात दे,
आणि कुठं ठेवली ते विचारू नको.