चौथी बाई

बाहेर आग्रा-मुंबई रस्ता हॉर्न वाजवत असतो,
आत बद्रीलालजी पंखा लावतात
आणि पस्तीस मुलं दारातच अडतात:
चपला काढू का?

नका काढू. हे देऊळ नाही.
हात मात्र मागे बांधा.

हा माठ बघा. माठच म्हणा,
पाटीवरचा शब्द मोठ्यांसाठी आहे.
साडेतीन हजार वर्षांपूर्वी
नर्मदेच्या काठी एका घरात तो भरलेला असायचा.
कशाने? गव्हाने, मसुरीने,
कदाचित नुसत्या पाण्याने. मला माहीत नाही.

"म्हणजे आजोबांच्या आधी?"
आजोबांचे आजोबा, त्यांचे आजोबा,
असा सत्तर पायऱ्या उतर,
घसा बसेल तिथे थांब.

तांबूस पोटावर काळ्या रेघांच्या बाया,
हातात हात, गुडघ्यात किंचित वाकलेल्या.
एक. दोन. तीन.
मग पांढरं प्लास्टर.

तिसरीने हात लांब केलाय
आणि धरायला कोणी नाही.

"पुढच्या कुठे गेल्या?"
फुटल्या. मातीत राहिल्या.
"मग तुम्ही का नाही काढल्या?"
जे आपल्याला माहीत नाही, ते आम्ही पांढरं ठेवतो.
(हे वाक्य मला फार आवडतं.
मुलांना अजिबात आवडलं नाही.)

मग कागद वाटले, खडू वाटले.
थंड फरशीवर पोटावर पसरून
मुलं त्या पांढऱ्यावर तुटून पडली.

वरदने चौथ्या जागी बैल नाचवला.
झीनतने आई काढली, झुमक्यांसकट.
कुणीतरी एकीच्या हातात मोबाईल दिला,
सगळे फिदीफिदी. मी ओरडले नाही.

रामकन्याचा कागद कोरा वाटला.
मग दिसली: पार कोपऱ्यात, पाठमोरी,
नखाएवढी बाई, कमरेवर घागर.

हिने हात का नाही धरला गं?

"येणारे ती. नळ एक दिवसाआड येतो ना.
आज तिचा नंबर आहे."
आणि खडू झटकत,
"आमचं पाणीपण नर्मदेचंच असतं, मॅडम."

बद्रीलालजी मागे येऊन उभे होते.
बावीस वर्षं रोज काच पुसणारा माणूस,
कधी काही बोलत नाही.
म्हणाले, "मला वाटायचं, ती टाटा करतेय."

बस गेली.
फरशीवर खडूचा चुरा, एक पाण्याची बाटली,
कुणाचा तरी डावा मोजा.

पाटीवर लिहिलंय: उर्वरित भाग अनुपलब्ध.
तिथे पेन्सिलीने काही लिहायची मुभा नाही.
लिहिलंही नाही.

फक्त कुलूप लावताना
मागच्या अंगणातल्या नळाला पाणी आलं का,
ऐकत जरा वेळ थांबले.